सुगंधी तेल : किती थेंब, कुठे आणि कुणाला?



गेल्या काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली रात्र. आरेतल्या एका वस्तीत आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी-ताप होता. आजीने खोबरेल तेलात कापूर विरघळवून छातीला चोळला, उशाशी निलगिरीचे थेंब टाकलेला रुमाल ठेवला. बाहेर रस्त्यावर दिवा नाही, बिबट्याची भीती, रिक्षा आत यायला तयार नाही. घरात कापराचा वास दरवळत होता, म्हणजे उपाय चालू आहे असे सर्वांना वाटले. "सकाळी बघू," असे ठरले. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा बाळाचा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला होता. न्यूमोनिया. बाळ वाचले, पण थोडक्यात.

त्या दिवशी आमच्याकडूनही एक चूक झाली. आम्ही आजीला चारचौघांत रागावलो. त्यानंतर त्या घरात काहीही विचारले की एकच उत्तर, "काही लावलं नाही, ताई." आजीच्या हातात माया होती; माहिती द्यायचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नव्हते. म्हणून हा लेख.

हे तेल वेगळे कसे?

खोबरेल, तीळ, करडई ही बियांची, फळांची तेले. ती घाण्यात निघतात, खाता येतात, अंगाला भरपूर चोळता येतात. निलगिरी, लवंग, पुदिना, गवती चहा यांची सुगंधी तेले पाला किंवा कळ्यांतून वाफेने उडवून गोळा करतात. कागदावर थेंब टाका : खोबरेलाचा डाग राहतो, शुद्ध निलगिरी उडून जाते. खूपशा पाल्यातून थोडेसेच तेल निघते, म्हणून ते अतिशय तीव्र असते. गवती चहाची दोन पाती चहात टाकणे आणि त्याचे तेल चहात टाकणे या एकच गोष्टी नाहीत.

ही विद्या आपल्या मातीतलीच आहे. खानदेश-सातपुड्याच्या भागात रोशा गवताचे तेल भट्टी लावून काढत. ते दुखऱ्या सांध्यांना चोळत आणि मुंबईमार्गे परदेशी अत्तरवाल्यांकडेही जाई.

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पिलिन्दवच्छ या भिक्खूंचे डोके दुखत होते. भगवान बुद्धांनी आधी डोक्याला तेल लावण्याची परवानगी दिली. त्याने गुण येईना, तेव्हा नाकात औषध सोडण्याची. त्यानेही भागेना, तेव्हा औषधी धूर घेण्याची. यातली रीत लक्षात घ्या : उपाय करा, रोग्याकडे पाहा, गुण नसेल तर पुढे जा. एकाच उपायाला चिकटून रात्र काढू नका.

कशाचा काय उपयोग?

लवंग तेल : यातले युजेनॉल दाताची कळ काही वेळ बधिर करते. दंतवैद्यही तात्पुरत्या भरणीत युजेनॉल वापरतात. मोठ्या माणसाने कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन किडलेल्या दातावरच ठेवावा. हिरडीला लागला तर भाजते. कीड मात्र तशीच राहते, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांकडे जावेच लागते.

निलगिरी, पुदिना, बाम : यांच्या थंडाव्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. मेंथॉल नाकातल्या गारव्याच्या संवेदना जाग्या करते, चोंदलेपणा बराचसा तसाच असतो. बरे वाटते हे खरे, पण छातीतला कफ किंवा न्यूमोनिया त्याने हटत नाही. अंग दुखत असेल तर मोठ्यांनी एक चहाचा चमचा खोबरेलात दोनच थेंब मिसळून चोळावेत. आधी मनगटाजवळ थोडेसे लावून एक दिवस पाहावे.

गवती चहा, सिट्रोनेला : डास काही काळ दूर राहतात, पण तासा-दोन तासांत वास उडतो. आरेत झाडी, तबेले, साचलेले पाणी. इथे मच्छरदाणी आणि पिंप झाकणे हाच खरा बंदोबस्त. ताप आला तर अंगाला बाम चोळत बसू नका. पालिकेच्या दवाखान्यात मलेरिया-डेंग्यूसाठी रक्त तपासून घ्या.

एप्रिल २०२१ आठवा. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा संदेश मोबाइलवर घरोघर फिरला. आपल्यापैकी अनेकांच्या गळ्यात ती पुरचुंडी होती. तिने ऑक्सिजन वाढत नाही. नाक गार वाटते आणि माणूस दवाखान्यात जायचे लांबवतो. त्या दिवसांत काही तासांचा उशीरही महाग पडत होता.

इथे हात आवरा

कापूर पोटात गेला तर पाच-दहा मिनिटांतही झटके येऊ शकतात. एक ग्रॅमच्या आसपास कापूर खाल्ल्याने लहान मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय पुस्तकांत आहेत. पांढरी वडी मुलांना खडीसाखरेसारखी दिसते. "भीमसेनी आहे, नैसर्गिक आहे," म्हणून धोका कमी होत नाही. निलगिरीचे तेल पोटात गेले तर मूल गुंगीत जाते, श्वास मंदावतो. लवंग तेलाने लहान मुलाच्या यकृताला इजा होते. कडुलिंबाचे तेल सुगंधी तेलांत मोडत नाही, पण जंतावर म्हणून ते बाळाला पाजल्याने जीव गेलेले आहेत. यातले काहीही चमच्याने पाजायचे नाही.

दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाला, छातीला, उशीला कापूर, निलगिरी, पुदिना किंवा बाम लावू नका. तीव्र वासाने तान्ह्या बाळाचा श्वास आवळला जाऊ शकतो. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाची धुरी नको. धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. उकळत्या पाण्याचे पातेले मुलाजवळ ठेवून वाफ देऊ नका, एका धक्क्यात मूल भाजते. खोबरेलाची मालीश करा, अंगावर पाजत राहा, नाक चोंदले तर दवाखान्यातून मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, बाळाला उबेत ठेवा. बाळाच्या सर्दीला एवढेच लागते.

श्वास मोजा

ही गोष्ट प्रत्येक आईला, आजीला आणि बापालाही यायला हवी. बाळ शांत असताना झबले वर करा, पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा.

दोन महिन्यांखाली : ६० किंवा जास्त
दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त
एक ते पाच वर्षे : ४० किंवा जास्त

आकडा यात बसला, तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, निपचित पडले असेल किंवा झटके आले असतील, तर आकडाही मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. रस्ता सापडत नाही ही आपली नेहमीची अडचण. म्हणून युनिटचा नंबर आणि जवळची खूण आधीच भिंतीवर लिहून ठेवा. शेजारच्या दोन घरांनी बॅटरी घेऊन रस्त्यापर्यंत सोबत यायचे, हेही आधीच ठरवा. अंधाराला आणि बिबट्याला एकटी बाई भिते, पाच माणसे निघतात.

मुलाने तेल किंवा कापूर गिळला असेल तर ओकारी काढू नका, दूध किंवा मिठाचे पाणी पाजू नका. बाटली किंवा डबी बरोबर घ्या आणि निघा. झटके येत असतील तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. डोळ्यात तेल गेले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा.

आणि डॉक्टरांनी विचारले तर काय लावले, काय पाजले ते खरे सांगा. कुणी रागावले तरी सांगा. आम्ही तर आता रागवायचे सोडले आहे.

या रविवारी विहारातून घरी गेल्यावर एवढे करा : कापराची डबी, निलगिरी आणि बाम खालच्या फळीवरून काढून मुलाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. मग घरातल्या सर्वांत लहान मुलाचा श्वास एकदा मोजून पाहा. मूल बरे असताना मोजायची सवय झाली, की आजारपणाच्या रात्री हात थरथरत नाही.

जयभीम.