पिशवी काढण्याआधी पेशी तपासा



“अंगावरून पांढरं जातंय, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या किती बायांनी हे ऐकले आहे! २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

कॅन्सर सुरू होतो तो पेशीत. म्हणून आज पेशीच समजून घेऊ.

आपले शरीर लाखो कोटी पेशींचे बनले आहे. पेशी डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तिचे मुख्य भाग असे :

प्रद्रव्यपटल : पेशीभोवतीचा पातळ पडदा. आत काय घ्यायचे, बाहेर काय सोडायचे, हे तो ठरवतो.

पेशीद्रव्य : आतला दाट रस. पेशीचे बाकीचे भाग यातच असतात.

तंतुकणिका : अन्न आणि प्राणवायू वापरून शक्ती तयार करणारी चूल. रक्त कमी असले की तिला प्राणवायू पुरत नाही आणि बाई थकते. तो आळस नव्हे.

रायबोसोम : येथे प्रथिने तयार होतात.

केंद्रक : पेशीचा कारभारी. यातल्या गुणसूत्रांवर जनुके असतात. पेशीने काय करायचे, कधी दुभागायचे आणि कधी थांबायचे, हे सारे त्यात लिहिलेले असते.

आता पिशवीच्या तोंडाकडे वळू. तिथल्या कॅन्सरचे मुख्य कारण म्हणजे एचपीव्ही हा विषाणू. शरीरसंबंधातून तो येतो, पेशीत शिरतो आणि केंद्रकापर्यंत पोचतो. बहुतेक बायांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत घालवून देते. काहींमध्ये तो टिकून राहतो आणि ‘थांब’ सांगणारी यंत्रणा बंद पाडतो. मग पेशी दुभागतच राहतात, केंद्रक मोठे आणि गडद होते. पण यातून कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढ्या काळात तपासणीत हा बदल सापडतो आणि पिशवी न काढताही बहुधा उपचार होतो.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत कापड धुवायची सोय नाही, खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. दोष या व्यवस्थेचा, शिक्षा मात्र पिशवीला! त्यातच बीजकोशही काढले तर त्यांच्या पेशींत तयार होणारे संप्रेरक थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि कोयता धरणारे हात लवकर थकतात.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले, कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. डॉक्टरांनाही विचारा : “कोणती तपासणी केली? अहवाल दाखवा. औषधाने बरे होणार नाही का?” दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने फडावर जाण्याआधी सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून काही मिनिटांत ती होते. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, तिचीही चौकशी करा. संबंधानंतर रक्त गेले किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

विहारातल्या पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. जिला वाचता येत नाही, तिच्यापर्यंत तो पोचलाच पाहिजे.

नमो बुद्धाय, जयभीम.