दवाखान्याची पायरी : केव्हां टाळावी, केव्हां धांवत चढावी

बैलास घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्यावी, हें आतां आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. रोग गोठ्यांत शिरल्यावर औषध शोधीत हिंडण्यापेक्षां तो शिरूंच न देणें स्वस्त पडतें, हा हिशेब त्यास अनुभवानें पटलेला आहे. परंतु घरांतील माणसांच्या बाबतींत पुष्कळ ठिकाणीं हाच हिशेब विसरला जातो. विहिरीचें पाणी शुद्ध न करतांच प्यालें जातें. मूल जुलाबानें निपचित पडल्यावर गाडी जुंपली जाते. आणि साप चावला म्हणजे दवाखान्याऐवजीं आधीं मांत्रिकाचें दार गांठलें जातें. जेथें दवाखाना टाळतां आला असता तेथें तो वारंवार घडतो, आणि जेथें क्षणाचाही विलंब नको तेथें उशीर होतो. ह्या दोन्ही चुका कशा टाळाव्या, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जामखेडचा धडा

ह्याविषयींचा उत्तम धडा दूर शोधावयास नको. तो आपल्याच नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत आहे. जामखेड हा जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील अवर्षणग्रस्त तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हीं दोघें पूर्वीं नेवासें तालुक्यांतील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयांत काम करीत. तेथें त्यांस एक गोष्ट दिसून आली. बरें करून घरीं पाठविलेलें माणूस कांहीं दिवसांनीं तोच रोग घेऊन परत येई. कारण रोगाचें मूळ दवाखान्यांत नसून गांवच्या पाण्यांत, अर्धपोटीं राहण्यांत आणि अज्ञानांत होतें. १९७० सालीं त्यांनीं जामखेड येथें काम सुरू केलें, तें हें मूळ खणून काढण्याच्या निश्चयानेंच.

त्यांनीं प्रथम गांवोगांवीं शेतकऱ्यांचीं मंडळें उभीं केलीं. शेतकऱ्यास रोगाविषयीं बोलण्यापेक्षां पीक, पाणी व जनावरें ह्यांविषयीं बोलण्याची आस्था अधिक; म्हणून तेथूनच आरंभ केला. पुढें ह्याच मंडळांतील तरुणांनीं घरोघर पाहणी केली, बालकांना पोषक अन्न देण्याची सोय केली, झाडें लावलीं. १९७२ च्या सुमारास दुष्काळानें मुलूख होरपळत असतां विंधनविहिरी घेऊन त्यांवर हातपंप बसविण्यांत आले; आणि ते दलित वस्तींत बसावेत ह्यावर कटाक्ष ठेवण्यांत आला. ज्यांस पूर्वीं पाण्यासाठीं इतरांच्या दयेवर अवलंबून राहावें लागे त्यांच्या दारीं आतां साऱ्या गांवास यावें लागलें. रोगजंतु जातपात पाहात नाहींत. तेव्हां ज्या गांवांत एका वस्तीस गढूळ पाणी प्यावें लागतें, त्या गांवांतील कोणतेंच घर सुरक्षित नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

दुसरी गोष्ट आरोग्यसेविकांची. प्रथम शिकलेल्या परिचारिका गांवांत ठेवून पाहिल्या, परंतु तें जमेना. मग गांवानेंच आपल्यांतील एक स्त्री निवडून द्यावी आणि तिला जामखेडास बोलावून शिक्षण द्यावें, असें ठरलें. ह्यांतील पुष्कळ स्त्रिया निरक्षर होत्या. तथापि बाळंतपण, बालकांचें वजन, जुलाब, क्षय व कुष्ठरोग ह्यांचें ज्ञान त्यांनीं आत्मसात केलें. परिणाम असा झाला कीं, १९७१ सालीं त्या भागांत दर हजार जिवंत जन्मांमागें सुमारें १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत होतीं, ती संख्या १९७६ मध्यें सुमारें ५२ वर आली. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हें यश केवळ मोठ्या यंत्रांनीं वा महागड्या औषधांनीं मिळालेलें नाहीं. गांवानें आपला भार उचलला म्हणून मिळालें. आतां हा भार प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या घरीं कसा उचलावा तें पाहूं.

विहिरीचें पाणी

पावसाळ्याच्या तोंडीं व पुढेंही वेळोवेळीं विहिरींत विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकावी. प्रमाण अदमासानें घेऊं नये. विहिरीचा व्यास मीटरांत मोजून त्याचा वर्ग करावा. त्यास पाण्याच्या खोलीनें व ३.१४ नें गुणून ४ नें भागावें. येईल तितके घनमीटर पाणी विहिरींत आहे, आणि एका घनमीटरांत १,००० लिटर पाणी असतें. दर १,००० लिटरांस चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर लागते. उदाहरणार्थ, ४ मीटर व्यासाच्या विहिरींत ३ मीटर पाणी असल्यास तें सुमारें ३७,७०० लिटर भरतें. त्यास सुमारें ९४ ग्रॅम पावडर पुरे.

पावडर बादलींत थोड्या पाण्यानें कालवून मग बादली पाऊण भरावी व चुना तळाशीं बसूं द्यावा. वरचें निवळ पाणी दुसऱ्या बादलींत ओतून ती बादली दोरानें विहिरींत सोडावी व खालींवर हालवून पाणी ढवळावें. तळाचा चुना विहिरींत टाकूं नये. हें काम रात्रीं करावें, म्हणजे सकाळीं पाणी वापरण्यास हरकत नाहीं; निदान एक तास तरी पाणी शेंदूं नये. पावडर उघडी राहिल्यास तिचा जोर जातो. म्हणून ती घट्ट झांकणाच्या डब्यांत, अंधाऱ्या व कोरड्या जागीं ठेवावी.

बालकांचे जुलाब

जुलाब लागलेल्या मुलाचें पाणी व अंगावरचें दूध बंद करण्याची चाल अत्यंत घातक आहे. सुकत चाललेल्या रोपाचें पाणी तोडावें, तसाच हा प्रकार होय. जुलाबानें बहुधा मूल मरतें तें अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. म्हणून पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी द्यावी. आशा सेविकेकडे वा आरोग्य केंद्रांत तिच्या पुड्या मिळतात. पुडी नसल्यास उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावें. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. हें पाणी घोट घोट पाजावें, आणि उलटी झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां अधिक सावकाश पाजावें. अंगावरचें दूध व नेहमींचें मऊ अन्न चालूच ठेवावें.

मात्र डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, पोटाची कातडी चिमटींत धरून सोडल्यावर सावकाश बसूं लागली, शौचावाटे रक्त पडलें, अथवा मूल पिईनासें वा सुस्त झालें, तर घरीं उपाय करीत बसूं नये. जलसंजीवनी वाटेंत पाजीत तडक दवाखाना गांठावा.

सर्पदंश व विंचूदंश

येथें मात्र घरगुती उपायांस मुळींच जागा नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. ह्या चारही जातींच्या विषावर एकच लस चालते व ती रुग्णालयांतच शिरेवाटे द्यावी लागते. मंत्र, मुळी किंवा पाला ह्यांनीं विष उतरत नाहीं. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदां चावतांना विष सोडीत नाहीं. अशा वेळीं माणूस वांचतो आणि यश मांत्रिकास मिळतें.

दंश झालेल्या माणसास धीर द्यावा व चालूं देऊं नये. हातापायांतील अंगठ्या, कडीं, जोडवीं काढावीं. हाड मोडल्यावर बांधतात त्याप्रमाणें फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा. वर दोरी आवळूं नये; तिनें अवयव कुजण्याची भीति असते. जखमेस चीर देऊं नये. घोणस वा फुरसें चावलें असतां रक्त गोठत नाहीं, व तीच चीर प्राणघातक ठरते. सापास मारण्यांत वेळ दवडूं नये. १०८ क्रमांकावर फोन करावा, किंवा मिळेल त्या वाहनानें निघावें.

मण्यारीविषयीं विशेष सावध राहावें. ती बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. वेदना व सूज फारशी नसते. पहांटे पोटांत दुखणें, पापण्या जड होणें, बोबडी वळणें हीं लक्षणें दिसल्यास दंशाची खूण सांपडो वा न सांपडो, रुग्णालयांत न्यावें. शेतावर निजणाऱ्यानें खाट वापरावी व मच्छरदाणी गादीखालीं खोंचावी.

तांबड्या विंचवाच्या दंशानंतर घाम सुटून हातपाय गार पडूं लागले किंवा उलट्या झाल्या, तर विषाचा परिणाम हृदयावर होत आहे असें समजावें. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांस प्राझोसीन हें औषध देऊन अनेकांचे प्राण वांचविले, व ही पद्धत पुढें सर्वत्र रूढ झाली. परंतु औषध वेळेवर पोटांत जाईल तेव्हांच त्याचा उपयोग.

मंडळानें काय करावें

प्रत्येक गांवच्या मंडळानें ज्येष्ठ महिन्यांतील सभेंत तीन कामें नेमून द्यावीं. विहिरीचें माप घेऊन पावडरीचें प्रमाण कांठावर रंगवून ठेवावें. सर्पदंशाची लस जवळ कोणत्या रुग्णालयांत आहे, तेथें रात्रीं डॉक्टर असतात कीं नाहीं, व गांवांतून कोणाचें वाहन निघेल, हें आधींच विचारून ठरवावें. आणि आशा सेविकेस सभेंत बोलावून, गांवांत कोणती गर्भवती स्त्री व कोणतें मूल तपासणीवांचून वा लसीवांचून राहिलें आहे, तें ऐकावें. ह्या तिन्ही कामांस मिळून एका बैलाच्या पेंडेइतकाही खर्च नाहीं. पहिलीं दोन कामें मृग निघण्यापूर्वीं पुरीं व्हावींत, कारण पावसाबरोबर गढूळ पाणी व साप दोन्ही दारीं येतात.