देवळापुढची गोधडी



कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी विचारले, "आपल्या गावात चारचौघी एकत्र बसून कोणते काम करतात?" कोणी पापड म्हणाले, कोणी खुरपण. मी म्हणाले, "गोधडी." मुले हसली. बाई म्हणाल्या, "मग तूच लिहून आण." म्हणून हा लेख.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घरातले सगळे अंथरूण-पांघरूण सिंदफणेवर नेऊन धुतात. भादव्याचे ऊन कडक असते, जाड वाकळसुद्धा वाळते. धुताना फाटके-तुटके कळते, आणि मग सुया बाहेर निघतात. आमच्या घरी यंदा जास्तच घाई होती. आईबाबा दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आजवर मीही जायचे. यंदा मी सातवीत, म्हणून आजीजवळ राहणार. पण मोठी गोधडी घरात एकच! ती तिकडे कोपीत न्यायची की इथे ठेवायची? आई म्हणाली, "इथंच राहू दे लेकराला." आजी म्हणाली, "उसाच्या फडात थंडी काय असती ते मला नको सांगू." शेवटी नवी शिवायची ठरली.

आता थोडे गणित. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे 8 मीटर 23 सेंटिमीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन तुकडे शेजारी जोडले की एक थर. म्हणजे एका लुगड्यात दोन थर. आम्ही आजीची दोन जुनी लुगडी घेतली, चार थर झाले. वरून माझ्या जुन्या फ्रॉकची आणि बाबांच्या सदऱ्याची ठिगळे. जुनेच कापड का? तर ते मऊ असते, सुई सहज जाते. आणि ऊब कापडाची नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. हवा उष्णतेची दुर्वाहक आहे, हे आपण विज्ञानात शिकलोच. म्हणून दोरा फार आवळायचा नाही. हवा दबते.

हे सगळे मला पाठ होते. म्हणून आई रानात गेल्यावर मी एकटीनेच सुरुवात केली. एका कडेने दहा दोरे घातले, मग कंटाळा आला म्हणून समोरच्या कडेने दहा घातले. संध्याकाळी बघते तर मधोमध हा एवढा फुगवटा! कापड दोन्हीकडून सरकत सरकत मधे गोळा झाले होते. मला रडूच आले.

दुसऱ्या दिवशी आई ते तसेच घेऊन मारुतीच्या देवळापुढे गेली. एरवी तिथे बाप्ये मंडळी पत्ते कुटत बसतात. पण या पंधरवड्यात दुपारी ती जागा बायकांची. फरशी सपाट, सावली मोठी, चार गोधड्या एकाच वेळी पसरता येतात. गल्लीतल्या एक मावशी माझे काम बघून म्हणाल्या, "उसव समदं." मी आईकडे पाहिले. आई गप्प. उसवले. मग मावशींनी चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, तळहाताने कापड मधून कडेला सारत नेले, आणि हातभर अंतरावर लांब कच्चे टाके घातले. "आता सरकून दाखवू दे!" म्हणाल्या. पक्के दोरे झाल्यावर कच्चे काढून टाकायचे. एवढी साधी गोष्ट, पण घरात बसून मला ती कधी सुचली नसती.

तिथे प्रत्येकीचा हात वेगळा. सोलापूरकडून आलेल्या एक वहिनी कडेकडेने चौकोनात फिरत मध्यापर्यंत जातात. आमच्याकडे सरळ ओळी. दोघींपैकी कोण बरोबर यावर अर्धा तास वाद झाला, चहा आला आणि वाद तिथेच राहिला.

एक दिवस आमच्या बाईही लोकर आणि दोन सुया घेऊन आल्या. बायका त्यांच्याभोवती जमल्या. विणकामात सगळा कपडा एकाच धाग्याच्या फाशांचा असतो. एक फासा सुटला की खालपर्यंत ओघळतो. गोधडीत एक दोरा तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मावशी म्हणाल्या, "म्हंजी तुमचं काम लई जपून करायचं." बाईंनी सांगितले की 2005 सालापासून जून महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी अनेक देशांत लोक बागेत, चौकात एकत्र बसून विणतात, एरवी घरात एकटे विणणारे एकमेकांना भेटावेत म्हणून. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यांवर गुलाम होते. त्या बायका कामाच्या फाटक्या विजारींच्या गोधड्या शिवत. 2002 साली ह्यूस्टन शहरातल्या संग्रहालयात त्या भिंतीवर लावल्या गेल्या आणि 2006 साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. हे ऐकून आजी म्हणाली, "भिंतीवर? मग पांघरतात काय?"

मी टाके मोजले. एका वितीत 14. लांबी 9 विती, म्हणजे एका ओळीत 126. ओळी 100. एकूण 12,600 टाके! एकटीला मला महिना लागला असता. चौघी चार बाजूंनी बसल्या आणि सहा दुपारी झाल्या. त्यांतले माझे वाकडे टाके ओळखू येतात, मावशींनी ते मुद्दाम ठेवले.

जुनी गोधडी आईबरोबर गेली. नवी माझ्याजवळ आहे. देवळापुढे आता आणखी एक पसरली आहे, वरच्या गल्लीतल्या, आईबापाविना राहणाऱ्या दोन भावांसाठी. तिच्या 31 ओळी झाल्यात. पाहायला आलेल्या आयांनी रविवारी दुपारी यावे. दोरा आमच्याकडे आहे, सुई मात्र आपापली आणावी.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी