मागची फळी उघडायला घेण्यापूर्वी

नांदगाव खंडेश्वर

चि. बापूस,


नावेच्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकून त्याचा आवाज पाठवलास, ते फार बरं केलंस. वरच्या कोपऱ्यात टणटण वाजते आणि मोटारीच्या खाली येताच बद्द होते. फळी आतून कुजली आहे, यात शंका ठेवू नकोस. तुमच्या संस्थेतले लोक म्हणतात की वरून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बोल्ट आवळले की दोन हंगाम निघतील. त्यांना माझं नाव सांगून स्पष्ट नाही म्हण. पत्र्याला धरायला आत लाकूडच उरलेलं नसताना बोल्ट कशाला आवळणार? आवळशील तसे फायबरचे दोन्ही पापुद्रे आत दबतील आणि पत्र्याखाली सडणं चालूच राहील, फक्त कोणाला दिसणार नाही.

25 हॉर्सपॉवरची मोटार पन्नास किलोच्या आसपास भरते. वजन ही त्यातली लहान गोष्ट. नाव पुढे जाते ती मोटारीच्या रेट्यानं, आणि तो सगळा रेटा नावेच्या अंगात जातो तो याच एका फळीतून. बेंबळा नदी आपल्या तालुक्यातून नाल्यासारखी वाहताना आपण पाहतो, पण तिकडे बाभुळगावच्या बाजूला धरणात ती केवढी पसरते हे तू रोज बघतोस. भर वाऱ्यात, जाळी भरलेली असताना मोटार फळीसकट सुटली तर मागून पाणी आत यायला वेळ लागत नाही. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यातली 11 माणसं एका दिवशी गेली. ते प्रकरण निराळं होतं, पण नावेत माणूस बसवणाऱ्यानं ती तारीख विसरू नये.

फायबर सडत नाही हे खरं. सडतं ते त्याच्या पोटातलं प्लाय. कारखान्यात दोन पापुद्र्यांमध्ये प्लाय भरतात, बाहेरून जेलकोट असतो, मग कोणीतरी मोटारीसाठी चार भोकं पाडतं आणि त्यांच्या कडा उघड्या लाकडावर तशाच सोडतं. पाण्याचा निचरा करायचं बूच बसवलेलं भोक, फळीचा वरचा काठ, याही पाणी शिरायच्या जागा. एकदा आत गेलेलं पाणी फायबरच्या कोंडीत अडकतं, लाकूड ओलं राहतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. वाळवलंस तर बुरशी थांबेल, पण लाकडात गेलेला जोर परत येत नाही. म्हणून भोकं पाडून आत रेझिन ओतायचा जो दुसरा सल्ला तुला मिळाला आहे, तोही सोडून दे. ओल्या, भुसभुशीत लाकडात रेझिन मुरत नाही, वरवर एक टणक खपली तेवढी धरतं.

आधी सड कुठवर गेली ते शोध. आतल्या बाजूनं 6 मिलिमीटरच्या बिटनं वीतभर अंतरानं भोकं पाड आणि बिटबरोबर येणारा भुसा चिमटीत घेऊन बघ. पांढुरका, कोरडा, खरखरीत आला तर तिथं लाकूड जिवंत आहे. काळपट, ओलसर, मळलेल्या तंबाखूसारखा आला तर मेलं. खडूनं खुणा कर. बहुतेक वेळा खालचा भाग वरच्यापेक्षा वाईट निघतो, आणि सड तळाच्या आडव्या लाकडांतही उतरलेली असते. तिथंही एक एक भोक पाडायचा कंटाळा करू नकोस.

उघडायचं ते आतूनच. बाहेरचा पापुद्रा हाच तुझा साचा आहे, त्याला धक्का लावू नकोस. बाहेरून दोन सरळ फळ्या टेकू लावून बांध, नाहीतर लाकूड निघाल्यावर तो पोटाला फुगेल आणि नवीन फळी वाकडी बसेल. आतला पापुद्रा कापताना चहूकडे तीनेक इंचांची कड ठेव, नवीन मॅट तिच्यावर चढवायची आहे. मग पटाशीनं सगळं लाकूड काढ. बरंचसं हातानंच निघेल, पण काही ठिकाणी चांगलं लाकूड पापुद्र्याला घट्ट चिकटलेलं असतं, तिथं ग्राइंडर हळू चालव. काचेची धूळ अंगात शिरली की दोन दिवस झोप लागत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि चांगला मास्क असल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. पोरांना मदतीला घेशील तर त्यांनाही तेच.

यानंतर नाव वाळू दे. इथं आपल्या मुलखाचा मोठा फायदा आहे. रत्नागिरीत मिरकरवाड्याला आम्ही पावसाळ्यात नावा वर ओढून हेच काम करायचो, तेव्हा हवेतल्या ओलीशीच निम्मी लढाई असायची. आपल्याकडे वैशाखातली कोरडी हवा ते काम फुकट करते. आठ-दहा दिवस उघडी ठेव, रात्री प्लास्टिक टाकून. घाई इथेच नडते.

प्लाय आयएस 710 चा शिक्का पाहूनच घे. आयएस 303 चं साधं प्लाय स्वस्त पडतं, पण त्या पैशांत हेच काम पुन्हा करायचं असतं. 18 मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवलेस की 36 होतात. जुन्या फळीची जाडी मोजून घे आणि तेवढीच ठेव, म्हणजे मोटारीचा शिकंजा नीट बसेल. पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून बघ, मग प्लायला हात लाव. काठाची उंची मोटारीच्या दांड्यावर ठरते, आखूड दांड्याला साधारण 15 इंच, लांबट्याला 20. तुझी कुठली आहे ते आधी माप.

तू आणलेलं आयसो पॉलिएस्टर रेझिन चालेल. इपॉक्सी लाकडाला जास्त चांगलं धरतं, पण घेतलंस तर सगळं काम त्यातच कर, कारण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा नाही. प्लायला सर्व बाजूंनी पातळ रेझिनचा हात दे, कापलेल्या कडांना दोनदा. मग जुन्या पापुद्र्यावर भिजवलेली 450 ची मॅट, तिच्यावर फळी, आणि मोटारीच्या जुन्या भोकांतून बोल्ट घालून आडव्या पट्ट्यांवर आवळ. कडेनं सगळीकडून रेझिन बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर आत हवा राहिली, आणि पुढचं पाणी त्या पोकळीतच साठेल.

आतल्या कोपऱ्यांत लांबी भरून गोलाई कर, काच काटकोनात वळत नाही. मग मॅट, रोव्हिंग, पुन्हा मॅट असं चढवत जा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे नेऊन. रोलरनं बुडबुडे काढत राहा. शेवटी मेण घातलेला टॉपकोट, नाहीतर वरचा थर चिकट राहतो.

आता हे लक्ष देऊन वाच. रेझिनमध्ये घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, जागीच भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, हार्डनर त्यानंतर. दोन्ही बाटल्या एका कपाटातही ठेवू नकोस. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पाण्याची बादली आणि तांब्या शेजारी भरून ठेव, आणि असं झालंच तर निदान 15 मिनिटं डोळा धूत राहून तसाच दवाखान्यात जायचं. 40 अंशांच्या वर पारा गेला की रेझिन भांड्यातच पेटल्यासारखं तापतं. म्हणून काम पहाटे कर, एका वेळी अर्धा किलोच कालव, आणि हार्डनर एका टक्क्याच्या आसपास ठेव. उरलेला माल पसरट थाळीत ओत, डब्यात सोडू नकोस.

भोकं सगळ्यात शेवटी, आणि इथेच सगळी दक्षता. बोल्टच्या मापापेक्षा बरंच मोठं भोक पाड, त्यात रेझिन आणि काचेचे तंतू भरून ते बुजव, सुकल्यावर मधोमध खरं भोक पाड. म्हणजे बोल्ट लाकडाला कधी शिवणारच नाही. बुचाच्या भोकालाही हेच. सिलिकॉन वापरू नकोस, पॉलियुरेथेनचा सीलंट घे. आतून रुंद वायसर लाव.

आठ दिवस मोटार चढवायची नाही. पहिल्या दिवशी काठाकाठानं एकट्यानं फिरवून बघ, अंगात लाइफ जॅकेट घालून. परत आल्यावर बोल्ट पुन्हा आवळ आणि आतून हात फिरवून ओल आहे का बघ. तोवर नावेत दुसरं माणूस बसवणार नाहीस, असा शब्द मला दे. लाकूड काढून झालं की, झाकण्याआधी, आतला फोटो मला नक्की पाठव. तळाची लाकडं कशी निघतात ते बघूनच पुढचं ठरवू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा