आग लावण्याची नोकरी

मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मवर माझी बरीच नोकरी गेली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. काम उत्पादनाचं, म्हणजे विहिरींतून येणारं तेल, वायू आणि पाणी वेगळं करून पुढे धाडायचं. पण निवृत्तीनंतर लोक विचारतात ते प्लॅटफॉर्मवर पेटणाऱ्या त्या ज्वाळेबद्दलच. फार शहाणपण हाती लागलं अशातला भाग नाही. जे अंगाला चिकटून राहिलं, ते हे.

१. वायूला ‘जरा थांब’ म्हणता येत नाही. तेल हवं तर तो सोबत येणारच. जमिनीखाली तो तेलात विरघळलेला असतो आणि वर येताना दाब उतरला की सुटतो. आम्ही तो कॉम्प्रेसरने दाबून पाइपलाइनने उरणला पाठवायचो. कॉम्प्रेसर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तरी मागून येणारा वायू येतच राहतो आणि दाब बघता बघता चढतो. मग झडप आपोआप उघडते, वायू लांब पुलाच्या टोकावरच्या फ्लेअरकडे, म्हणजे तो जाळायच्या नळीकडे, धावतो. ती गर्जना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. शेजारचे सीनियर चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, “सगळं नीट चाललंय म्हणूनच तिकडे पेटलंय. बस.”

२. कुकरच्या शिट्टीची उपमा अर्धीच खरी आहे. घरी, लग्नकार्यात, शेजाऱ्यांना मी वर्षानुवर्षं तीच देत आलो आणि ऐकणाऱ्यांनी मानाही डोलावल्या. पण कुकरमधून सुटते ती वाफ. ती स्वयंपाकघर पेटवत नाही. इथे जो सोडायचा तो पेटणारा. नुसताच सोडला तर कुठल्या तरी तापलेल्या पाइपापाशी किंवा ठिणगीपाशी जाऊन तो आपली जागा आपण निवडेल. पेटायचाच आहे तर माणसांपासून दूर, उंचावर, आम्ही ठरवलेल्या जागी पेटावा, एवढीच त्यातली युक्ती. ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत मात्र सांगता येत नाही.

३. फ्लेअरची खरी राखण ज्वाळेपासून लांब होते. वायूबरोबर तेलाचे थेंबही धावत येतात. ते वाटेतल्या नॉकआउट ड्रममध्ये खाली बसतात. ड्रम भरला आणि थेंब वर गेले तर आकाशातून जळतं तेल पडतं. फ्लेअरच्या नळीत बाहेरची हवा शिरू नये म्हणून थोडा वायू सतत सोडत ठेवावा लागतो, नाहीतर आतच स्फोटक मिश्रण तयार होतं. नवखेपणी ड्रमची पातळी बघायला मलाच पिटाळत. ज्वाळेचे फोटो सगळ्यांकडे आहेत, त्या ड्रमचा एकाकडेही नाही. माझ्याकडेही नाही.

४. मी जास्त घाबरायला शिकलो ते विझलेल्या फ्लेअरला. टोकाशी एक लहानशी पायलट ज्योत कायम तेवत ठेवतात. वाऱ्यापावसात ती विझली आणि नेमका तेव्हाच वायू सुटला, तर काहीच दिसत नाही आणि मिथेन तसाच हवेत जातो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरतो. फ्लेअरमध्ये ९८ टक्के मिथेन जळतो असं आम्ही धरून चालायचो. अमेरिकेतल्या तीन तेलपट्ट्यांवर विमानं फिरवून केलेलं संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झालं. विझलेले फ्लेअर धरून तिथला आकडा ९१ टक्क्यांच्या आसपास निघाला. तो वाचला त्या दिवशी मी जुन्या मित्राला फोन लावला. दोघंही थोडा वेळ गप्पच होतो.

५. उत्पादन बंद करायचं बटण दाबायला बोटापेक्षा मन जास्त लागतं. ६ जुलै १९८८च्या रात्री उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली. आग दिसत असूनही शेजारच्या प्लॅटफॉर्मांवरचं उत्पादन लगेच थांबलं नाही आणि पाइपलाइनींमधून त्या आगीला खुराक मिळत राहिला. प्रशिक्षणात हे ऐकताना प्रत्येकाला वाटतं, मी असतो तर थांबवलं असतं. मलाही वाटायचं. पुढे शिफ्टची जबाबदारी आली, बटण हाताशी आलं, आणि उत्पादन बंद केल्यावर किनाऱ्यावरून येणारा “किती वेळ लागेल?” हा प्रश्न आधीच कानात वाजायला लागला. तेव्हापासून त्या रात्रीच्या माणसांबद्दल मी जरा जपून बोलतो.

६. आपला उजेड आपल्यापुरता नसतो. स्थलांतराच्या दिवसांत दमलेले छोटे पक्षी रात्री आमच्या रेलिंगवर येऊन बसत. मेसमधला कोणीतरी वाटीत पाणी ठेवायचा आणि आम्हा सगळ्यांना आपण फार दयाळू असल्यासारखं वाटायचं. पुढे कळलं, २०१३च्या सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या सेंट जॉनच्या एलएनजी टर्मिनलवर धुक्याच्या रात्री सुमारे साडेसात हजार पक्षी फ्लेअरकडे ओढले जाऊन मेले. एका वाटीत किती पुण्य मावतं, हा प्रश्न तेव्हा पडला.

७. ‘आणीबाणी’ म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. मुंबई हायचं तेल १९७६ साली यायला लागलं, उरणपर्यंतची पाइपलाइन १९७८ची. मधल्या काळात वायू न्यायला वाटच नव्हती, तो जाळणं भाग होतं. आज वाट आहे. नेहमीचं फ्लेअरिंग २०३० पर्यंत बंद करायचा जागतिक बँकेचा उपक्रम २०१५ साली सुरू झाला. सुरक्षेसाठी जाळावा लागणारा वायू त्यात मोडत नाही आणि ते योग्यच आहे. तरी २०२४ साली जगभरात १५१ अब्ज घनमीटर वायू जळाला. घरी मी “गॅस बारीक कर” म्हटलं की बायको नुसती बघते, कधी म्हणते, “तुम्ही सांगताय?” तिला माझ्याकडे एकच उत्तर आहे: कॉम्प्रेसर अचानक बंद पडला म्हणून जाळलेला वायू माणसं वाचवतो. तोच कॉम्प्रेसर त्याच कारणाने महिनोन्‌महिने बंद पडत राहिला, तर त्याला आणीबाणी म्हणायचा हक्क आपण गमावलेला असतो. किती जळलं ते मीटर सांगतो, हल्ली रात्री वरून उपग्रहही सांगतात. का जळलं ते शिफ्टवरचा माणूस लॉगबुकात एका ओळीत लिहितो, आणि ती ओळ तपासायला कुठलाही उपग्रह येत नाही.