यंत्रावर हात बसण्यापूर्वी



अभ्यासक्रमासाठी दहा मिनिटांची फिल्म करायची ठरली आहे, पहाटे भाकरी थापणारी आजी आणि परगावी शिकायला निघालेली नात एवढाच तिचा विषय आहे, आणि त्यासाठी कॅमेरा कोणता घ्यावा, असा प्रश्न भाचीच्या पत्रात आहे. या प्रश्नाला एखाद्या कॅमेऱ्याचे नाव सांगून उत्तर देणे सोपे असले, तरी त्याने मूळ अडचण सुटणार नाही. कारण विद्यार्थिदशेतील बहुतेक फिल्मा बिघडतात त्या कॅमेरा हलका असल्यामुळे नव्हे, तर हातातले यंत्र कोणत्या परिस्थितीत दगा देते हे चित्रीकरणाच्या दिवशी प्रथमच कळल्यामुळे. म्हणून तंत्र शिकायचे ते आपल्या प्रसंगाच्या गरजेने, एका वेळी एक, आणि चित्रीकरणाच्या आधी छोट्या छोट्या चाचण्या करून, असेच या पत्राचे सांगणे आहे.

या रीतीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र पाहून आले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा त्यांनी मिळवला, आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी केली ती एक अगदी लहान फिल्म: कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल कसा होतो, याचे एकेक चौकट घेत केलेले चित्रण. या फिल्मकडे आज बहुधा एक गमतीची गोष्ट म्हणून पाहिले जाते. परंतु नीट विचार केला, तर कॅमेरा एकाच जागी दिवसेंदिवस स्थिर ठेवणे, प्रत्येक चौकटीवर सारखा प्रकाश पाडणे आणि फिल्म स्वतः धुणे हे सारे शिक्षण त्या एका वेलात झालेले दिसते. त्या काळी कच्ची फिल्म कडेची छिद्रे न पाडलेली येत असे आणि ती छिद्रे अंधारात यंत्राने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे त्यांचे हे कष्ट आहेत. तंत्र हे ‘दुसऱ्या कुणाचे काम’ आहे, असे मानण्याची सोय त्या घरात कुणालाच नव्हती, आणि ती सोय विद्यार्थिनीनेही स्वतःला देऊ नये.

भाचीचा वाटाणा म्हणजे तिचे स्वयंपाकघर. आजी चुलीपाशी बसते, तिच्या मागे खिडकी आहे आणि डोक्यावर ट्यूबलाइट आहे, असा हा प्रसंग असल्यामुळे प्रकाशाचे तीन प्रश्न एकाच जागी येतात. एक्स्पोजर म्हणजे चित्रावर पडणाऱ्या प्रकाशाचे मोजमाप. ते भिंगाचे तोंड किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे राहते आणि आयएसओ, म्हणजे मिळालेला संकेत यंत्र किती वाढवून घेते, या तिन्हींवर ठरते. हे मोजमाप यंत्रावर सोपवले, तर आजी पिठाच्या डब्यासाठी वाकून खिडकी मोकळी झाली की चित्र एकदम काळवंडते आणि ती परत सरळ बसली की उजळते, ही उघडमीट पुढे कोणत्याही संकलनात नीट लपत नाही. म्हणून एक्स्पोजर आणि फोकस हाताने ठरवून बंदिस्त करावेत. भारतात विजेचा पुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने ट्यूब किंवा साधा एलईडी दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना हे जाणवत नसले, तरी शटरची वेळ याच्याशी जुळली नाही, तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला 25 चौकटी आणि शटर 1/50 सेकंद हे प्रमाण येथे पथ्यावर पडते, आणि त्याचा दुसरा फायदा असा की भाकरी थापणाऱ्या हाताची हालचाल ओळखीची, किंचित पुसट उमटते; तोच हात 1/500 वर टिपला, तर बोटे तुटक-तुटक उडताना दिसतात. ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी घेऊन पाहावीत, म्हणजे आकडा पाठ करण्याची गरज राहणार नाही.

रंगाचेही असेच आहे. दिवसाचा उजेड सुमारे 5600 केल्व्हिन आणि पिवळा बल्ब सुमारे 3200 केल्व्हिन मानला जातो, म्हणजे एक निळसर आणि दुसरा तांबूस. दोन्ही एकत्र आले, की कॅमेरा एकालाच पांढरे मानू शकतो. पहाटेच्या या प्रसंगात ट्यूब मालवून खिडकी आणि चुलीचा जाळ एवढ्यावरच भागवता आले, तर चित्रही सुंदर होईल आणि प्रश्नही कमी होतील. नातीच्या निरोपाचा अंगणातला भाग मात्र उन्हातला आहे, आणि मोबाइलवर चित्रीकरण करायचे झाल्यास तेथे वेगळी अडचण येते: बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे तोंड लहान-मोठे करता येत नाही, त्यामुळे 1/50 वर प्रकाश अतोनात येतो. यावर उपाय म्हणजे एनडी फिल्टर, अर्थात रंग न बदलता प्रकाश अडवणारी राखाडी काच. ती भिंगापुढे बसवावी.

इतके चित्राविषयी झाले, परंतु चिंता वाटते ती ध्वनीची. अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतो, कधी त्याला शैलीही समजतो. शब्द ऐकू आला नाही, तर तो फिल्ममधून उठून जातो. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी असताना उमेश कुलकर्णी यांनी केलेली ‘गिरणी’ भाचीने अवश्य पाहावी. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज त्यात एका मुलाचे जगणे कसे व्यापून टाकतो, हे कळण्यासाठी संवादांपेक्षा कानांवरच भिस्त ठेवावी लागते. ‘प्रभात’च्या 1936 च्या ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक विष्णुपंत दामले हे त्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहणारे गृहस्थ होते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

माइक आणि बोलणारी व्यक्ती यांतले अंतर दुप्पट झाले, की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे ट्रायपॉडवरच्या मोबाइलने दहा फुटांवरून टिपलेले आजीचे वाक्य विहिरीतून आल्यासारखे लागते. काठीला बांधलेला बूम माइक चौकटीच्या अगदी वरच्या कडेपर्यंत आणावा, किंवा लहान लेपल माइक आजीच्या लुगड्यात लपवावा. मात्र सुती कापड माइकवर घासले, की जी खरखर येते ती शब्दांनाच चिकटलेली असते, म्हणून पदर कुठे सरकतो हे आधी पाहून मगच माइक चिकटवावा. मुद्रण 48 किलोहर्ट्झवर करावे, 44.1 हे गाण्यांच्या सीडीचे प्रमाण होय. संवादाचे सर्वांत मोठे टोक मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे, कारण साध्या डिजिटल मुद्रणात शून्याच्या वर जागाच नसते, लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. पंखा, मोटार आणि फ्रिज बंद करावेत. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून परतीच्या दुचाकीची किल्ली त्यातच ठेवण्याची युनिटमधली रीत फार उपयोगी आहे. शेवटी सर्वांनी स्तब्ध उभे राहून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करावी. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते, आणि दोन वाक्यांमधली फट बुजवायला त्या घरातलीच शांतता लागते.

भाकरी थापण्याचा आवाज संवाद संपल्यावर स्वतंत्रपणे, माइक परातीजवळ नेऊन घ्यावा. ओल्या हाताची पहिली थाप, पीठ पसरत गेल्यावर पातळ होत जाणारा नाद आणि तव्यावर टाकल्यावर फिरवलेल्या पाण्याचा चर्र हे तीन वेगळे आवाज आहेत, आणि या फिल्मचे निम्मे बोलणे तेच करणार आहेत. आवाज साफ करणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर विसंबून ही मेहनत टाळू नये; पंख्याची घरघर काढताना ती सॉफ्टवेअरे ‘स’ आणि ‘श’ यांच्या कडाही खरवडून नेतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या आवाजातली कापरी किनार तर सर्वांत आधी जाते.

ध्वनी वेगळ्या यंत्रावर घेतला, तर प्रत्येक टेकच्या आरंभी क्लॅप द्यावा. क्लॅपची पट्टी नसली तर कॅमेऱ्यासमोर एक टाळीही पुरते, कारण दिसलेली टाळी आणि ऐकू आलेली टाळी जुळवली की पुढचे सारे जुळते. मोबाइलची चौकटींची गती मात्र कित्येकदा स्थिर नसते, सेकंदाला 25 म्हणताना ती किंचित खाली-वर होते, आणि लांब टेकच्या शेवटी ओठ व शब्द यांची फारकत होते. गती बंदिस्त करणारे ॲप वापरून एकदा पाच मिनिटांचा सलग टेक तपासावा.

संकलनाविषयी थोडक्यात. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने होणारे चित्रण तासाला सुमारे 45 गीगाबाइट जागा घेते, म्हणजे 64 गीगाबाइटचे कार्ड सव्वा तासातच भरत येते. दिवसाचे काम संपले की दोन वेगळ्या डिस्कवर प्रती कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी ठेवावी, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती या फिल्मला पुरेशी आहे. चौकटींची गती मात्र प्रकल्प उघडतानाच 25 ठरवावी. लॅपटॉप जुना असून अडखळत असेल, तर प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करावे. शेवटची फिल्म मूळ चित्रणातूनच निघते.

या साऱ्या चाचण्यांच्या वेळी आजीच्या जागी युनिटमधल्या कुणाला तरी बसवावे. वृद्ध स्त्रीला धुरासमोर बसवून तिच्यापुढे मेनू शोधत राहणे अयोग्य आहे, आणि दमलेल्या चेहऱ्यावर तो पहाटेचा प्रसंगही उमटणार नाही. ती येईल तेव्हा दिवे, माइक, फोकसची खूण सारे जागच्या जागी असावे. पीठ निदान पाच टेकना पुरेल इतके आणावे, आणि प्रत्येक टेकला भाकरी कितपत थापून झाली होती याची नोंद ठेवण्याचे काम एकालाच द्यावे. पहिल्या चाचणीचे चित्रण न कापता, आवाजासकट पाठवावे; त्यावर सविस्तर लिहिता येईल.