व्हिडिओ कन्व्हर्ट केल्यावर आवाज मागे-पुढे होतोय? आधी रोग ओळखा, मग औषध द्या

चॅनेलवरच्या व्हिडिओत मी हे सगळं स्क्रीनवर करून दाखवलं आहेच. पण काम करताना व्हिडिओ थांबवत-चालवत बसणं अवघड जातं, म्हणून हा लेख. मोबाइल शेजारी ठेवा आणि एकेक पायरी करत जा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दुकान नवीन होतं तेव्हा पापडाचा गृहउद्योग करणाऱ्या एका ताईंचा 14 मिनिटांचा ट्रेनिंग व्हिडिओ मी करून दिला होता. शूटिंग मोबाइलवर केलं. फाइल मोठी होती म्हणून एका फुकटातल्या कन्व्हर्टरमधून काढली, एडिट केली, पेनड्राइव्हवर घालून दिली. देण्याआधी पहिली अर्धी मिनिट बघितली. एकदम चकाचक!

ताईंनी तो बचत गटाच्या चाळीसेक बायकांसमोर मोठ्या टीव्हीवर लावला. पाच-सहा मिनिटांनी ताईंचे ओठ आणि आवाज यांची फारकत सुरू झाली. पुढे पुढे तर स्क्रीनवर पापड वाळत घालून झाला तरी आवाज सांगतोय, "आता हलक्या हाताने लाटा." शेवटी चित्र संपलं, टीव्ही काळा झाला आणि आवाज आणखी साडेपाच सेकंद बोलतच राहिला. बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "दादा, देण्याआधी तुम्ही स्वतः पूर्ण बघितला होता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओ मी फुकट दुरुस्त करून दिला, पण त्यांचं पुढचं काम दुसरीकडे गेलं. बीबीएला कस्टमर सॅटिस्फॅक्शनवर पानंच्या पानं लिहिली होती, पण खरा धडा त्या दिवशी मिळाला. तुम्हाला तो फुकटात देतोय.

पायरी 0 : दोष फाइलमध्येच आहे ना?

दुरुस्तीला हात घालण्याआधी ही खात्री करा. ब्लूटूथचा हेडफोन किंवा स्पीकर लावला असेल तर आवाज पोहोचायला तसाही थोडा उशीर होतो. वायरचा हेडफोन लावून बघा. मग तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि दुसऱ्या मोबाइलवर चालवा. जुना कॉम्प्युटर मोठी फाइल चालवताना दमतो, चित्र अडखळतं आणि आपल्याला वाटतं फाइलच बिघडली. सगळीकडे तोच गोंधळ दिसला, तरच फाइल आजारी आहे असं समजा.

पायरी 1 : तीन जागी नाडी बघा

व्हिडिओ सुरुवातीला, मध्यभागी आणि शेवटी, अशा तीन ठिकाणी बघा. टाळी, दार आपटणं, भांडं खाली ठेवणं असा एखादा ठळक क्षण शोधा. चित्रात घडतं कधी आणि ऐकू येतं कधी, एवढंच बघायचं. उत्तर तीनपैकी एक येईल.

1. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आहे.
2. सुरुवातीला बरोबर, पण पुढे फरक वाढत जातो.
3. एका ठिकाणापर्यंत ठीक, तिथून पुढे अचानक उडी.

तिन्हींचं औषध वेगळं आहे. बहुतेक जण इथेच चुकतात. दुसऱ्या रोगावर पहिलं औषध देतात आणि रात्रभर आवाज मागे-पुढे सरकवत बसतात. सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो, शेवट जुळवला की सुरुवात.

रोग पहिला : फरक सारखाच

हा सर्वांत सोपा. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावा. विंडोजवर कीबोर्डवरचं 'के' दाबलं की आवाज 50 मिलिसेकंद मागे सरकतो, 'जे' दाबलं की तेवढाच पुढे येतो. ओठांच्या आधी आवाज येत असेल तर 'के' दाबत जा, उशिरा येत असेल तर 'जे'. जुळलं की स्क्रीनवर दिसणारा आकडा कागदावर लिहून घ्या.

इथे एक घोटाळा होतो. व्हीएलसीमधला हा बदल फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर बघण्यापुरता असतो, फाइल आहे तशीच राहते. तुम्हाला जुळलेलं दिसतं आणि गिऱ्हाइकाला बिघडलेलं. म्हणून व्हीएलसीचा उपयोग फक्त मोजमापासाठी करायचा.

खरी दुरुस्ती अॅव्हिडेमक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा. फाइल उघडा, व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही 'कॉपी'वर ठेवा, आउटपुट एमपीफोर निवडा. ऑडिओखालच्या 'शिफ्ट'वर टिक करून मिलिसेकंदाचा आकडा टाका आणि नवीन नावाने सेव्ह करा. 'कॉपी' ठेवल्यामुळे फाइल पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे काम मिनिटभरात होतं आणि चित्राचा दर्जाही घसरत नाही. फरक कमी होण्याऐवजी दुप्पट झाला तर घाबरू नका, आकड्यापुढचं अधिक-उणे चिन्ह बदला.

रोग दुसरा : फरक वाढत जातो

माझ्या पापडवाल्या व्हिडिओचा रोग हाच. कारण नीट समजून घ्या.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. मोबाइलवर आपण सेकंदाला 30 फोटोंचं सेटिंग ठेवतो. पण प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की फोन कधी 30 काढतो, कधी 29, कधी 28. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. प्रत्येक फोटो कधी दाखवायचा याची वेळ फोन फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे फोनवर सगळं बरोबर दिसतं. पण काही कन्व्हर्टर आणि एडिटिंग सॉफ्टवेअर ती वेळ वाचतच नाहीत. ते सरळ धरून चालतात की सेकंदाला 30 म्हणजे 30.

आता हिशोब करू. माझा व्हिडिओ 14 मिनिटांचा, म्हणजे 840 सेकंद. फोनने सरासरी 29.8 फोटो काढले होते. एकूण फोटो 25,032. हे सेकंदाला 30 या वेगाने दाखवले तर 834.4 सेकंदांत संपतात. आवाज मात्र 840 सेकंदांचाच. फरक 5.6 सेकंद. टीव्ही काळा झाल्यावर ताई बोलत का राहिल्या, ते आता कळलं?

फरक छोटा दिसला तरी सोडू नका. 29.97 ऐवजी 30 धरलं, तर किलोमागे एक ग्रॅमची चूक. तेवढ्यानेही 10 मिनिटांत 0.6 सेकंद फरक पडतो आणि तो डोळ्याला सरळ दिसतो.

तपासणीसाठी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात मूळ फाइल उघडा. 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसलं की चोर सापडला.

औषध असं :

1. बिघडलेली फाइल बाजूला ठेवा. मूळ फाइल घ्या.
2. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा.
3. 'व्हिडिओ' टॅबमध्ये फ्रेम रेट निवडा. 30 वर शूट केलेल्या मोबाइल फाइलला 30, जुन्या पाल हँडीकॅमच्या फाइलला 25. त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. मुख्य काम हेच आहे.
4. क्वालिटीचा आकडा फुल एचडीसाठी 20 ते 24 मध्ये ठेवा. पुढे एडिट करायचं असेल तर 20च्या जवळ. आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी.
5. 'ऑडिओ' टॅबमध्ये एएसी आणि 48 किलोहर्ट्झ ठेवा.
6. कन्व्हर्ट झालेली फाइल तीन जागी तपासा. त्यानंतरच एडिटिंगला घ्या.

क्रम लक्षात ठेवा : आधी फ्रेम रेट पक्का, मग एडिटिंग. एडिट झाल्यावर हे केलं तर उशीर झालेला असतो.

मूळ फाइल डिलीट झाली असेल तर? एडिटिंगमध्ये आवाज चित्रापासून वेगळा करा आणि चित्राचा वेग कमी करून दोघांची लांबी सारखी करा. माझ्या उदाहरणात 834.4 भागिले 840, म्हणजे वेग 99.33 टक्के. पण फोनने सगळीकडे सारखेच फोटो गाळलेले नसतात, त्यामुळे मध्ये कुठेतरी थोडा फरक राहतो. तिथे तुकडे पाडून हाताने जुळवावं लागतं. म्हणून सांगतो, मूळ फाइल ही दुकानाची तिजोरी आहे.

रोग तिसरा : अचानक उडी

वेगवेगळ्या फोनवरचे तुकडे जोडले की हे होतं. एक तुकडा 30चा, दुसरा 25चा, एकाचा आवाज 44.1 किलोहर्ट्झ, दुसऱ्याचा 48. जोडणारं सॉफ्टवेअर साधं असेल तर गडबडतं. जोडण्याआधी प्रत्येक तुकडा वरच्या पद्धतीने एकाच मापाचा करून घ्या. वेगवेगळ्या मापाच्या विटांनी भिंत सरळ येत नाही.

जुन्या व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेतानाही उडी येते. टेप खराब असली की कॅप्चर करताना काही फ्रेम गळतात, आवाज मात्र पुढे चालू राहतो. टेप आणि प्लेअरचं हेड साफ करा, बाकी प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा कॅप्चर करा. तरी उडी राहिली तर तिथे तुकडा पाडा आणि पुढचा आवाज पहिल्या रोगाच्या औषधाने सरकवा.

किती फरक चालतो?

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणाच्या शिफारशीनुसार आवाज साधारण 45 मिलिसेकंद आधी किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला की माणसाच्या लक्षात येऊ लागतं. उशीर जास्त चालतो याचं कारण आपली सवय. लांब मैदानावर बॅटने बॉल मारलेला आधी दिसतो, 'टक्' मागून ऐकू येतं. आवाज आधी आणि कृती नंतर, असं मात्र निसर्गात कधी घडत नाही. म्हणून शंका असेल तर आवाज किंचित मागे चालेल, पुढे नको.

आता धंद्याचं बोलू

- शूटिंग सुरू करताना आणि संपवताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. जुळवायला दोन पक्के खुणेचे दगड मिळतात.
- गिऱ्हाइकाकडून व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर घेताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सअॅप स्वतःच तो दाबून लहान करतं.
- मूळ फाइल काम दिल्यानंतर किती दिवस ठेवणार, ते बिलावर लिहा. मी 30 दिवस ठेवतो.
- दर सांगताना तपासणीचा वेळ धरा. 14 मिनिटांचा व्हिडिओ तपासायला 14 मिनिटं लागतात, त्याला शॉर्टकट नाही.
- फाइल गिऱ्हाईक जिथे वापरणार तिथेच तपासा. पेनड्राइव्ह टीव्हीला लागणार असेल तर टीव्हीला लावून बघा.

आजचा गृहपाठ : तुमच्या मोबाइलमधला सर्वांत लांब व्हिडिओ मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि फ्रेम रेट मोड काय आहे ते बघा. व्हेरिएबल असेल तर हँडब्रेकमधून एकदा काढून, तीन जागी तपासा. हात बसू द्या. पहिलं पैशाचं काम येईल त्या दिवशी हे शिकत बसू नका.

आणि हो, त्या ताई दीड वर्षाने पुन्हा दुकानात आल्या. नवीन व्हिडिओ करायचा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "या वेळी पूर्ण बघूनच द्या." मी म्हणालो, "तुम्ही इथेच बसा, दोघं मिळून बघू." चहा मागवला आणि शेवटच्या सेकंदापर्यंत बघितला. तेव्हापासून माझ्या दुकानात हाच नियम आहे. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून, शेवटपर्यंत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम करत राहा, तपासून देत राहा!